‘साधारणपणे तीस ते पन्नास’: एका वाक्याची समीक्षा

स्क्लेरोडर्माबद्दलची कुठलीही माहितीपत्रिका उघडा. दवाखान्यातली असो, रुग्णसंघटनेची असो, पहिल्या परिच्छेदात एक वाक्य हमखास भेटतं: हा आजार साधारणपणे वयाच्या तीस ते पन्नास वर्षांच्या दरम्यान सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये कितीतरी जास्त दिसतो. पॉडकास्टच्या या भागात आम्हीही ते वाक्य म्हटलं. म्हणजे मीच म्हटलं. नंतर रेकॉर्डिंग ऐकताना ते मला टोचलं, म्हणून हा लेख.

आधीच सांगते, वाक्य खोटं नाही. पण खरं वाक्यसुद्धा चुकीच्या कामाला लावता येतं. आपण कादंबरीची किंवा सिनेमाची समीक्षा करतो, तशी या एका वाक्याची करून बघू. ते कोणाकडे बघून रचलंय, त्यात कोण मावत नाही, आणि लोक ते नक्की कशासाठी वापरतात?

ज्यांनी एपिसोड ऐकला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्क्लेरोडर्मा म्हणजे शब्दशः ‘कडक त्वचा’. एक प्रकार त्वचेपुरता मर्यादित राहतो, आणि तो लहान मुलांमध्येही दिसतो. दुसरा प्रकार म्हणजे सिस्टेमिक स्क्लेरोसिस. त्यात शरीराची प्रतिकारयंत्रणा बिघडते, बारीक रक्तवाहिन्या खराब होतात आणि त्वचेत, अन्ननलिकेत, फुप्फुसात, कधी हृदयात आणि मूत्रपिंडात तंतुमय ऊती साचत जातात. ‘तीस ते पन्नास’ हे वाक्य या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे. इथून पुढे मी त्याच्याबद्दलच बोलणार आहे.

एका बाईची तीन वयं

माझी एक मामेबहीण आहे, वाईची. मी तिला ताई म्हणते. ती एकवीस वर्षांची असताना जानेवारीतल्या पहाटे गार पाण्यात हात घातला की तिची बोटं खडूसारखी पांढरी व्हायची, मग निळसर, मग लाल होऊन ठणकायची. घरात निदान झालं: रक्त कमी आहे. उपचारही ठरला: बीट आणि खजूर.

चोविसाव्या वर्षी तिचं लग्न झालं. चुडा भरायला आलेल्या कासारणीने तिचा हात दाबून बघितला, साबण लावला, एक माप मोठी बांगडी घेतली, तरी चढेना. ‘पोरीचे हात सुजलेत गं,’ असं ती मामीला म्हणाली. लग्नघरात अशा बोलण्याकडे कोण लक्ष देतं? दगदग झाली असेल, झालं. सव्विसाव्या वर्षी ताईने एका डॉक्टरांना बोटं दाखवली. त्यांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं, या वयात असं काही नसतं, जास्त विचार करू नका. मग घास अडकायला लागला, जिना चढताना दम लागायला लागला, आणि एकतिसाव्या वर्षी पुण्यातल्या एका तज्ज्ञांकडे नाव कळलं. फाइलवर लिहिलं गेलं: आजाराची सुरुवात, वय ३१.

आता तुम्हीच सांगा, सुरुवात कधी झाली? एकवीस, चोवीस की एकतीस? फाइलमधलं ३१ ‘तीस ते पन्नास’मध्ये नीट बसतं. उद्या कोणी त्या दवाखान्यातल्या फाइली काढून सरासरी काढली तर ताई त्या वाक्याचा आणखी एक पुरावा ठरेल. आणि ते वाक्य डोक्यात ठेवून पुढचा डॉक्टर पुढच्या सव्विशीतल्या मुलीला घरी पाठवेल. मग तीही एकतीस-बत्तीसच्या आसपासच सापडेल. वाक्य स्वतःच स्वतःला खरं करत राहतं.

‘सुरुवात’ हा शब्द

संशोधनात याला एक ठरलेलं उत्तर आहे. बोटं पांढरी पडण्याला रेनॉड्स म्हणतात, कारण मोरिस रेनो या फ्रेंच डॉक्टरने १८६२ साली आपल्या प्रबंधात त्याचं वर्णन केलं. बहुतेक अभ्यासांमध्ये आजाराची सुरुवात म्हणजे रेनॉड्स सोडून दुसरं जे पहिलं लक्षण दिसलं, ते. मला हा नियम पटतो. रेनॉड्स खूप लोकांना असतं, बहुतेकांना ते आयुष्यभर नुसतंच असतं आणि त्यातून पुढे काहीही निघत नाही. तेच सुरुवात धरलं तर गोंधळ होईल. काही अभ्यास मात्र रेनॉड्सपासूनच मोजतात आणि काही थेट निदानाचं वय देतात. माहितीपत्रिकेत या तिन्ही गोष्टी ‘सुरुवात’ या एकाच शब्दात शिरतात.

हा किरकोळ फरक नाही. ज्या रुग्णांची त्वचा मुख्यतः हात आणि चेहऱ्यापुरती कडक होते, त्यांच्यात रेनॉड्स आणि बाकीची लक्षणं यांच्यात कित्येक वर्षं जाऊ शकतात, कधी दशकंही. ज्यांच्यात त्वचा अंगभर वेगाने कडक होते, त्यांच्यात हे अंतर बहुधा महिन्यांचं असतं. म्हणजे ‘सुरुवातीचं वय’ हे आजाराबद्दल जेवढं सांगतं, तेवढंच मोजणाऱ्याने रेघ कुठे ओढली याबद्दलही सांगतं.

आणि गंमत बघा. नियम काटेकोरपणे लावला तर ताईचं उत्तर ३१ नाहीच. सुजलेली बोटं हे रेनॉड्सव्यतिरिक्त पहिलं लक्षण, आणि ते चोविसाव्या वर्षी दिसलं होतं. तेही एका कासारणीला, जी दिवसाला पन्नास हात दाबते. फक्त तिला कोणी विचारलं नाही.

‘साधारणपणे’ म्हणजे कोणाचं?

मी नोंदवह्यांवर काम करते. म्हणजे हजारो रुग्णांची माहिती साठवणारे मोठे तक्ते. ‘सुरुवातीचं वय’ हा रकाना मी स्वतः भरलाय, साफ केलाय, त्याचे आलेख काढलेत. त्यामुळे ही टीका माझ्यावरही आहे.

नोंदवहीत कोण येतं? जो तज्ज्ञापर्यंत पोचला आणि जो तोपर्यंत जिवंत राहिला. ज्यांचा आजार झपाट्याने वाढला ते काही वेळा नोंद होण्याआधीच जातात. ज्यांचा फार सौम्य राहिला ते येतच नाहीत. उरलेल्यांची सरासरी म्हणजे ‘साधारणपणे’.

अमेरिकेत डेट्रॉइट परिसरातल्या १९८९ ते १९९१ या काळातल्या रुग्णांची एक गाजलेली मोजणी २००३ साली प्रसिद्ध झाली. दर दहा लाख प्रौढांमागे सुमारे २४२ रुग्ण, हा त्यातला आकडा पुष्कळ ठिकाणी उद्धृत होतो. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट तेवढी उद्धृत होत नाही: कृष्णवर्णीय रुग्णांचं निदानाच्या वेळचं वय गोऱ्या रुग्णांपेक्षा कमी होतं आणि आजाराचं अंगभर पसरणारं रूप त्यांच्यात जास्त होतं. म्हणजे एकाच शहराच्या परिसरात ‘साधारण’ वय एक नव्हतं.

भारतातल्या दवाखान्यांतल्या रुग्णांचं सरासरी वयही पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी, बहुधा तिशीतलं दिसतं. यावरून ‘आपल्याकडे हा आजार लवकर होतो’ असं म्हणायचा मोह होतो. थांबा. ज्या देशात एकूण माणसंच तरुण आहेत, तिथे जवळपास कुठल्याही आजाराच्या रुग्णांचं सरासरी वय कमीच निघणार. खरी तुलना करायची तर प्रत्येक वयोगटात लाखामागे किती, हे मोजावं लागतं. नुसत्या सरासरीवरून आजाराचा स्वभाव ठरत नाही. ही चूक पदवीच्या पहिल्या वर्षाची आहे, पण ती चांगल्या चांगल्या लेखांत सापडते.

मागे गेलात तर सगळ्यात बोलकं उदाहरण सुरुवातीलाच आहे. कडक होत गेलेल्या त्वचेचं सविस्तर वर्णन म्हणून ज्याचा उल्लेख इतिहासात पहिला होतो, ते १७५३ साली नेपल्समधल्या कार्लो कुर्झियो या डॉक्टरने केलं. रुग्ण कोण? सतरा वर्षांची मुलगी. ती बरी झाली, त्यामुळे तिला दुसराच आजार असावा असं आज बरेच जण मानतात. ते बरोबरही असेल. पण बघा, या आजाराच्या कथेचं पहिलं पान ‘साधारण’ वयात न बसणाऱ्या आणि बहुधा निदानातही न बसणाऱ्या मुलीने उघडलंय.

बर्नमधला चित्रकार

आता दुसरं टोक. जागतिक स्क्लेरोडर्मा दिवस २९ जूनला असतो, कारण १९४० साली त्या दिवशी पॉल क्ली हा चित्रकार गेला. क्लीचा जन्म १८ डिसेंबर १८७९ चा, बर्नजवळचा. बाउहाउसमध्ये त्याने दहा वर्षं शिकवलं, मग ड्युसेलडॉर्फच्या अकादमीत गेला. १९३३ मध्ये नाझींनी त्याला नोकरीवरून काढलं आणि तो बर्नला परतला. १९३५ मध्ये आजार सुरू झाला. म्हणजे पुरुष, आणि वय पंचावन्न. माहितीपत्रिकेतल्या वाक्याच्या दोन्ही अर्ध्यांत न बसणारा माणूस आज या आजाराचा चेहरा आहे.

त्याला सुरुवातीला गोवर झाल्याचं निदान झालं होतं. पंचावन्नाव्या वर्षी गोवर! वयाचंच बघायचं तर तेच जास्त अजब नाही का? पण ओळखीचा आजार असला की आपण वय माफ करतो. अनोळखी असला की वय पुढे करतो. ‘स्क्लेरोडर्मा’ हे नाव त्याच्या आजाराला जोडलं गेलेलं छापील स्वरूपात दिसतं ते त्याच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी.

या सगळ्यावर हान्स सुटर या स्विस त्वचारोगतज्ज्ञाचं पुस्तक आहे, ‘पॉल क्ली आणि त्याचा आजार’. जर्मनमध्ये २००६ साली आलं, इंग्रजीत २०१०. क्लीच्या वैद्यकीय फाइली उरलेल्या नाहीत. सुटर यांनी क्ली आणि त्याची बायको लिली यांची पत्रं, घरच्यांच्या आठवणी, फोटो यांतून आजार महिन्यामहिन्याने जुळवलाय: गिळता न येणं, दम लागणं, मुखवट्यासारखा ताठ होत गेलेला चेहरा. पुस्तकाचं मोठेपण माझ्या मते इथे आहे. एक डॉक्टर बायकोच्या पत्रांना केसपेपरचं वजन देतो. आमच्या कासारणीला जे मिळालं नाही ते लिली क्लीला मिळालं, जरी उशिरा.

पण पुस्तकावर माझे दोन आक्षेप आहेत.

पहिला आक्षेप निदानाच्या खात्रीबद्दल. सुटर यांचं म्हणणं आहे की क्लीचे हात वाचले होते, म्हणूनच तो शेवटपर्यंत काढू शकला. ठीक. पण २०१३ साली अमेरिकन आणि युरोपीय संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून जे वर्गीकरणाचे निकष ठरवले, त्यांत स्पष्ट लिहिलंय की त्वचा कडक झालेली असूनही बोटं वाचली असतील तर हे निकष लागू करू नयेत. म्हणजे सुटर यांचं वर्णन जसंच्या तसं खरं धरलं, तर आजच्या एखाद्या अभ्यासात क्लीला प्रवेश मिळणार नाही! त्याच्या पुण्यतिथीला दिवस साजरा होईल, पण त्याचं पंचावन्न हे वय कुठल्याही सरासरीत मिसळणार नाही. वर्गीकरणाचे निकष संशोधनासाठी असतात, दवाखान्यातल्या निदानासाठी नाहीत, हे मला मान्य आहे. पण ‘साधारण वय’ तयार होतं ते याच दारातून आत आलेल्यांवरून. पुस्तकाने या अडचणीकडे आणखी संशयाने बघायला हवं होतं, आणि आपण पुस्तकाकडे.

आणि याच निकषांतली दुसरी गोष्ट लक्षात घ्या. बोटांची त्वचा, सूज, बोटांच्या टोकावरच्या जखमा, नखाच्या मुळाशी असलेल्या केशवाहिन्या, फुप्फुस, अँटिबॉडीज, रेनॉड्स, या सगळ्यांना गुण आहेत आणि बेरीज नऊ झाली की माणूस आत. यादीत वय नाही. स्त्री की पुरुष, तेही नाही. ज्या दोन गोष्टी माहितीपत्रिका सगळ्यात आधी सांगते, त्या निकषांत कुठेच नाहीत.

दुसरा आक्षेप चित्रांबद्दल. गेल्या वर्षी एका परिषदेसाठी बर्नला गेले होते, तेव्हा शेवटच्या दिवशी त्सेंट्रुम पॉल क्ली या संग्रहालयात गेले. क्लीच्या शेवटच्या वर्षांतली चित्रं बघताना आधी आणि नंतर अशी रेघ मारायचा मोह आवरत नाही. आकडेही साथ देतात: १९३६ साली फक्त २५ कामं, १९३९ साली १,२५३. ‘मृत्यू आणि अग्नी’ या १९४० च्या चित्रात मधोमध राखाडी-पांढरा चेहरा आहे, आणि त्याच्या नाका-डोळ्यांत मृत्यूसाठीचा जर्मन शब्द अक्षर-अक्षर वाचता येतो. जाड काळ्या रेघा, तांबडी पार्श्वभूमी. ही रेघ जाड का? काही जण म्हणतात, आखडलेल्या बोटांमुळे. पण ‘विसरभोळा देवदूत’ हे १९३९ चं रेखाटन बघा: पेन्सिलची बारीक, न अडखळणारी रेघ. ज्याला बारीक रेघ जमत होती त्याने जाड रेघ निवडली होती. सुटर हात वाचले असं सांगून हा मुद्दा बरोबर मांडतात. मग स्वतः मात्र चित्रांमागून चित्रांत आजाराच्या खुणा शोधत जातात.

१९३५ चंच ‘गेत्साइखनेटर’ घ्या. जर्मनमध्ये या शब्दाचा अर्थ ‘रेखाटलेला’ असाही होतो आणि ‘खूण केलेला’ असाही. चेहऱ्यावर आडव्या-उभ्या काळ्या रेघा. ही खूण आजाराची की दोन वर्षांपूर्वी नोकरी आणि देश गमावल्याची? तारखेवरून उत्तर मिळत नाही, आणि मिळावं अशी मागणीही चुकीची आहे. समीक्षक इथे तीच चूक करतो जी फाइल भरणारा करतो. हळूहळू येणाऱ्या गोष्टीला एक तारीख चिकटवायची, आणि मग तिच्या अलीकडचं-पलीकडचं सगळं त्या तारखेने समजावून सांगायचं.

मग आकडा टाकून द्यायचा का?

नाही. वयाचा उपयोग आहे, फक्त माहितीपत्रिकेतून वाटतो तिथे नाही. पांढऱ्या बोटांचंच घ्या. विशी-पंचविशीत सुरू झालेलं रेनॉड्स बहुतेक वेळा निरुपद्रवी असतं. तेच चाळिशीत पहिल्यांदा सुरू झालं तर डॉक्टर जास्त सावध होतात, आणि व्हायलाच हवेत. इथे वय शंका वाढवतं. ताईच्या बाबतीत वयाने शंका संपवली. आकडा शंका वाढवायला वापरा, संपवायला नको, एवढाच माझा मुद्दा आहे.

हे मी तुम्हाला का सांगतेय? तुमच्यातले पुष्कळ जण पुण्या-नागपुराहून थेट लीड्स, टोरांटो, शिकागोच्या हिवाळ्यात आलेत. बसची वाट बघताना बोटं पहिल्यांदा पांढरी पडली की दोनच प्रतिक्रिया असतात. एक, रात्रभर इंटरनेटवर वाचून घाबरणं. दोन, ‘मी तर सव्वीसचा, हे पन्नाशीच्या बायकांना होतं’ म्हणून सोडून देणं. दोन्ही नकोत. बोटं पांढरी पडतात आणि बाकी काहीच नाही, तर हातमोजे घाला, सिगारेट सोडा, पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या कानावर घाला. पण सोबत बोटं सुजून राहत असतील, अंगठी निघत नसेल, बोटांच्या टोकावर जखमा होत असतील, घास अडकत असेल, दम लागत असेल, तर वय विसरा आणि भेट घ्या. एएनए नावाची रक्ततपासणी आणि नखाच्या मुळाशी केशवाहिन्या भिंगातून बघणं, या साध्या गोष्टी आहेत. दोन्ही ठीक आल्या तर पुढे हा आजार निघण्याची शक्यता फार कमी. ठीक नसतील तर लवकर कळलेलं बरं, कारण फुप्फुसात एकदा पडलेले व्रण पुसले जात नाहीत. औषधांनी ते वाढणं रोखता किंवा लांबवता येतं.

आणि डॉक्टरांनी ‘कधीपासून?’ विचारलं, तर एकच तारीख सांगू नका. पहिल्यांदा काय, मग काय, मग काय, असं सांगा. आईला, मावशीला फोन करून विचारा. त्यांना तारखा आठवत नाहीत, पण कोणाच्या लग्नात, कुठल्या दिवाळीत, हे पक्कं आठवतं.

ताई आता अडतीसची आहे. औषधं चालू आहेत, फुप्फुस गेली तीन वर्षं जिथल्या तिथे आहे. मागच्या तपासणीला तिने वहीच्या पानावर तीन ओळी लिहून नेल्या: एकवीस, बोटं पांढरी, चोवीस, बांगड्या चढेनात, एकतीस, नाव कळलं. तिच्या डॉक्टरांनी फाइलमधलं ३१ खोडलं नाही. त्याच्या वर दोन ओळी वाढवल्या. दुसऱ्या ओळीत त्यांनी ‘कासारणीचं निरीक्षण’ असंच लिहिलंय, आणि त्या पानाचा फोटो ताईने मला पाठवलाय.